खळ का बिघडली?

"पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले?" हे वाक्य ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात सापडणे कठीण. चिंचोका ही अशी बिनमोलाची वस्तू. लहानपणी आपण तो फोडून सारीपाटाला घेतला, निखाऱ्यावर भाजून दाताखाली फोडला आणि उरलेले उकिरड्यावर टाकून दिले. आमच्या घरी मात्र चिंचोक्याची पोती विकत येतात. आजोबा घोंगडी विणतात. लोकरीच्या ताण्याला मागावर चढविण्यापूर्वी चिंचोक्याची खळ कुंच्याने द्यावी लागते. विणकरांच्या भाषेत ही पांजणी. खळ नसेल तर हाताने कातलेले लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात, त्यांची कुसे उभी राहतात आणि फणीतून जाताना पटापट तुटतात. नवी घोंगडी ताठ असते तीही ह्या खळीमुळेच.

दोन वर्षांपूर्वी मी बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला असताना ही खळ मी बिघडविली. एक संपूर्ण ताणा वाया गेला. ती हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, तिच्यामागचे रसायनशास्त्र मला नंतर उमगले आणि ते क्रमिक पुस्तकात जेवढे कोरडे दिसते तेवढे नाही.

झाले ते असे. त्या सत्रात आम्हाला पेक्टिन काढण्याचे प्रात्यक्षिक होते. संत्र्याच्या सालीचे तुकडे पाण्यात घालून, थोडे अम्ल मिसळून तापवायचे, गाळायचे, आणि त्या पाण्यात अल्कोहोल ओतले की पेक्टिनचा साका बुळबुळीत ढगासारखा वर येतो. नुसत्या पाण्यात उकळले तर फारच थोडे येते, अम्ल घातले की भरपूर. त्याच आठवड्यात ग्रंथालयात चाळताना मला असे आढळले की, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील घोष आणि कृष्ण ह्या शास्त्रज्ञांनी १९४२ साली चिंचोक्यातील पदार्थाचे वर्णन पेक्टिन म्हणूनच केले होते. मला वाटले, मग आजोबा दुपारभर चुलीपुढे का बसतात? लिंबाचे सत्त्व घातले की काम लवकर होईल. शिमग्याच्या आधीची घाई होती. आजोबा बाजारला गेलेले पाहून मी मूठभर लिंबाचे सत्त्व हंड्यात टाकले आणि चांगला दोन तास जाळ लावला.

खळ सुंदर झाली. गुठळी नाही, पिठूळपणा नाही, पळीवरून पाण्यासारखी ओघळावी अशी. आजोबांनी बोटांत धरून पाहिली आणि विचारले, "काय घातलास रे ह्यात?" मी म्हणालो, "काही नाही आजोबा, जाळ जरा मोठा केला." ताण्याला खळ दिली, वाळविली. मागावर चढल्यावर पहिल्या दिवशीच धागे तुटू लागले. जोडून जोडून आजोबा थकले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ताणा कापून उतरविला. तीन घोंगड्यांची लोकर होती. मी खरे सांगितले ते त्यानंतर आठ दिवसांनी.

आता ह्यात चुकले काय? चूक एका नावात होती.

वनस्पतींमधील स्टार्च, पेक्टिन, डिंक, भेंडीचा बुळबुळीतपणा, चिंचोक्याची खळ हे सारे पदार्थ एकाच कुळातले. त्यांना बहुशर्करा म्हणतात, कारण त्यांचे रेणू म्हणजे साखरेच्या छोट्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांपैकी खळीसारखे दाट होणारे जे आहेत, त्यांचे सारे गुण ह्या साखळीच्या लांबीवर आणि तिच्या फांद्यांवर अवलंबून असतात. विणकराच्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लांब धाग्यांची वेटोळी पेटीत टाकली की ती गुंततात, एक ओढले तर दहा हलतात. तेच धागे कात्रीने बोटभर कापून टाकले तर वजन तेवढेच राहते, पण गुंता राहत नाही. पाण्यातील बहुशर्करेचे असेच आहे. वजन तेच, पण साखळी तुटली की श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, झपाट्याने घसरतो. शिवाय खळ वाळल्यावर धाग्याभोवती जे पातळ कवच तयार होते, ते चिवट राहण्यासाठीही साखळ्या लांब लागतात. आखूड साखळ्यांचे कवच ठिसूळ होते आणि फणीच्या घासणीने गळून पडते.

आणि साखळी तोडण्याचे हत्यार कोणते? उष्णता आणि अम्ल, दोन्ही एकत्र. लिंबाचे सत्त्व आणि दोन तासांचा जाळ.

तर मग पेक्टिनला अम्ल का चालते? इथे वनस्पतीच्या शरीरात तो पदार्थ काय काम करतो हे पाहावे लागते. पेक्टिन हे पेशींच्या भिंतींत आणि दोन पेशींच्या सांध्यात भरलेले असते, दगडी भिंतीतील चुन्यासारखे. कच्च्या पेरूत ते इतर घटकांशी जखडलेले असते व पाण्यात विरघळत नाही. पेरू पिकताना त्यातली एंझाइमे हा सांधा सैल करतात, म्हणून फळ मऊ पडते. आपल्याला कच्च्या किंवा अर्धकच्च्या फळातून पेक्टिन हवे असेल तर तो सांधा बाहेरून सैल करावा लागतो, आणि ते काम गरम अम्ल करते. म्हणजे पेक्टिन काढणे हे मुळातच थोडेसे मोडतोडीचे काम आहे. कसब एवढेच की, भिंत मोडावी पण वीट फुटू नये.

पेक्टिनचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ब्राकोनो याने १८२५ मध्ये लावला आणि गोठणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. त्याची साखळी मुख्यतः गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाची असते. ह्या अम्लाच्या काही गटांना मेथिल गट चिकटलेले असतात, काही मोकळे असतात. निम्म्याहून अधिक गटांवर मेथिल असेल तर ते पेक्टिन भरपूर साखर व आंबटपणा मिळाला की गोठते. जेलीत साखर साधारण ६५ टक्क्यांपर्यंत नेतात व पीएच तीनच्या आसपास ठेवतात ते यासाठी. मेथिल गट निम्म्याहून कमी झाले तर त्या पेक्टिनला साखरेची गरज उरत नाही, पण कॅल्शियम लागते. एकाच सालीतून ही दोन्ही पेक्टिने निघू शकतात. अम्ल सौम्य, वेळ थोडा, तर पहिले. अम्ल तीव्र आणि तापमान बेताचे ठेवून वेळ अधिक दिला तर मेथिल गट गळत जातात आणि दुसरे. तापमानही वाढविले तर गटांबरोबर साखळीही तुटते आणि हाती येते ते ना धड जेलीचे, ना औषधाचे.

अल्कलीने तर आणखी गंमत होते. थंड अल्कलीत मेथिल गट निघून जातात पण साखळी बरीचशी शाबूत राहते. तेच द्रावण तापविले तर साखळी मधोमध तुटू लागते, आणि जितके मेथिल गट अधिक तितकी लवकर तुटते. म्हणजे गरम करायचे असेल तर पेक्टिनला अल्कली नको, आणि अल्कली वापरायची असेल तर उष्णता नको. पेक्टिन सर्वांत सुखी असते ते साडेतीनच्या आसपासच्या पीएचला, म्हणजे साधारण फळाच्या रसाला जो आंबटपणा असतो त्यात. कॅल्शियमने बांधलेले पेक्टिन काढायचे असेल तर अमोनियम ऑक्झॅलेट वापरतात. ते कॅल्शियम पकडून घेते आणि पेक्टिन सुटते. एकाच सालीला आधी पाणी, मग ऑक्झॅलेट, मग अम्ल, शेवटी अल्कली असे क्रमाने दिले तर प्रत्येक वेळी निराळ्या स्वभावाची बहुशर्करा बाहेर येते. तेव्हा "संत्र्याच्या सालीतील पेक्टिनचे गुणधर्म लिहा" हा प्रश्न अपुरा आहे असे माझे मत झाले आहे. कसे काढलेले पेक्टिन, हेही परीक्षकांनी विचारावे!

पेरूची जेली करणाऱ्या गृहिणींना हे हाताने माहीत असते. पेरूच्या फोडी पाण्यात थोडे सायट्रिक अम्ल घालून अर्धा तास शिजवायच्या, फडक्यातून रस आपोआप गळू द्यायचा, पिळायचा नाही. मग चमचाभर रसात चमचा-दोन चमचे स्पिरिट घालून पाहायचे. सगळ्याचा मिळून एकच गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, बारीक बारीक तुकडे झाले तर बेताचे. (ही परीक्षा झाल्यावर तो चमचा चाखून पाहू नये. स्पिरिट विषारी असते.) साखर घातल्यावर फार वेळ आटवीत बसले की जेलीचा पाक होतो. त्याचेही कारण वर सांगितलेलेच आहे.

आता चिंचोका. आमचे कन्नड विभागातील मित्र ज्याला हुणसे बीज म्हणतात, त्याच्या आतील पांढऱ्या डाळीत निम्म्याहून अधिक भाग बहुशर्करेचा असतो. प्रथिने सुमारे १५ ते २० टक्के आणि थोडे तेल असते. ही बहुशर्करा पेशींना जोडणारा चुना नव्हे. ती झाडाने पिल्लासाठी बांधून दिलेली शिदोरी आहे. बी रुजताना अंकुर ती खातो. ती पेशींच्या जाड भिंतींत साठविलेली असते, पण जखडलेली नसते. गरम पाणी मिळाले की फुगते आणि सुटून येते. म्हणूनच तिला अम्लाची गरजच नाही.

घोष आणि कृष्ण यांनी तिला पेक्टिन म्हटले, कारण ती साखरेबरोबर सुरेख जेली देत होती. परंतु पुढे असे दिसून आले की, तिच्यात गॅलॅक्ट्युरॉनिक अम्ल नाहीच. मग तिला 'जेलोज' हे नाव सुचविण्यात आले, आणि आज रसायनशास्त्रात तिला झायलोग्लुकॅन म्हणतात. तिचा कणा ग्लुकोजचा, कापसातील सेल्युलोजसारखाच. पण ह्या कण्याला झायलोजच्या फांद्या फुटलेल्या असतात आणि काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज असते. ग्लुकोज, झायलोज व गॅलॅक्टोज ह्यांचे प्रमाण जवळजवळ ३:२:१. फांद्या नसत्या तर ही साखळी सेल्युलोजप्रमाणे एकमेकींना घट्ट बिलगून राहिली असती व पाण्यात विरघळलीच नसती. फांद्या साखळ्यांना दूर ठेवतात आणि पाणी मध्ये शिरते. कणा सेल्युलोजचा असल्याने कापूस आणि ताग ह्यांच्या धाग्यांनाही ती छान चिकटते. ह्याच कारणाने आपल्या देशातील कापड व ताग गिरण्यांत चिंचोक्याची पूड खळीसाठी वापरली गेली, आणि ओडिशातील पटचित्रकार कापडाला खडू लावण्यापूर्वी चिंचोक्याचाच गोंद वापरतात.

सांगायची गोष्ट अशी की, पेक्टिनची जेली होण्यास अम्ल अत्यावश्यक, तर चिंचोक्याच्या जेलीला नाही. नुसती साखर पुरते. नाव एक ठेवल्यामुळे गुण एक होत नाहीत, हे मला तीन घोंगड्या घालवून समजले.

तिसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय निवडण्याची वेळ आली तेव्हा मी चिंचोकाच मागून घेतला. आम्ही तिघांनी एकाच पोत्यातील चिंचोक्याची पूड तीन भागांत वाटून घेतली. एकाने ती साध्या पाण्यात अर्धा तास उकळली, रात्रभर निवू दिली, वरचे स्वच्छ पाणी काढून घेऊन दुप्पट अल्कोहोलमध्ये ओतले. दुसऱ्याने उकळताना सौम्य हायड्रोक्लोरिक अम्ल घातले. तिसऱ्याने सोड्याचे द्रावण वापरले. पाण्यातून आलेला साका पांढऱ्या, लांब तंतूंचा होता, काचेच्या कांडीला गुंडाळून उचलता येई असा. अम्लातला साका बारीक भुकटीसारखा तळाशी बसला. सोड्याचा तपकिरी निघाला, कारण पुडीत सालीचे कण राहिले होते आणि सालीतील टॅनिन अल्कलीत उतरून रंग देते. तिन्ही नमुन्यांची समान तीव्रतेची द्रावणे करून ऑस्टवाल्डच्या श्यानतामापकातून सोडली. अम्लाच्या नमुन्याला खाली उतरायला पाण्याच्या नमुन्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ लागला. मला त्या नळीत माझा हंडा दिसत होता.

ह्यात माझ्या हातून आणखी एक घोटाळा झाला. माझ्याकडचा पांढरा साका लवकर वाळावा म्हणून मी तो ओव्हनमध्ये कडक तापमानाला ठेवून घरी गेलो. सकाळी शिंगासारखा टणक, पिवळट तुकडा हाती आला. तो पाण्यात नीट विरघळेना. ओल्या साक्यातील पाणी एकदम निघून गेले की साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि पुन्हा पाणी आत घेत नाहीत. अल्कोहोलने दोनतीनदा धुऊन, मंद उष्णतेवर वाळविला असता तर हे झाले नसते. काढण्याची रीत म्हणजे फक्त उकळणे नव्हे. भाजण्यापासून वाळविण्यापर्यंतची प्रत्येक पायरी तिच्यात येते.

भाजण्याचेच पाहा. तपकिरी साल सुटावी म्हणून चिंचोके भाजतात. बेताने भाजले तर साल तडकते आणि डाळ पांढरी राहते. जास्त भाजले तर डाळ पिवळी होते, आतली प्रथिने व शर्करा करपतात आणि त्या पुडीची खळ दाट होत नाही. आजोबा बाजारातील तयार पूड घेत नाहीत. "रंग बघ तिचा," एवढेच म्हणतात. मला तो हट्ट वाटे. आता वाटत नाही.

आधुनिक प्रयोगशाळांत ह्याच कामाला आणखी रीती आल्या आहेत. प्रथिने खाणारी एंझाइमे वापरून साका अधिक शुद्ध करतात. सूक्ष्मलहरींनी तापवून वेळ वाचवितात. ध्वनीच्या अतिउच्च लहरींनी पेशी फोडतात, पण ह्या लहरी फार वेळ दिल्या तर साखळ्याही तोडतात. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, एंझाइमाने झायलोग्लुकॅनच्या फांद्यांवरील गॅलॅक्टोजचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग काढून टाकला, तर तिचे द्रावण गरम केल्यावर गोठते आणि थंड केल्यावर पातळ होते! जिलेटिन आणि जेली ह्यांच्या अगदी उलट. साखळी तीच, फक्त फांद्यांची टोके छाटलेली. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून शुद्ध केलेली चिंचोक्याची बहुशर्करा खाद्यपदार्थांत वापरली जाते. तिथे चिंचेची झाडे नाहीत, इतके सांगितले म्हणजे पुरे.

उकळणेच नको अशीही एक रीत आपल्या भागात आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. बेळगाव-कोल्हापूर भागातील गुऱ्हाळांत उसाचा रस काहिलीत तापू लागला की त्यात भेंडीचे पाणी घालतात. भेंडीची हिरवी झाडे, मुळासकट खोड, ठेचून साध्या थंड पाण्यात भिजवतात आणि हाताने चोळून बुळबुळीत पाणी काढतात. ते रसात पडले की गढूळपणा आणणारे कण त्याला चिकटतात, मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकता येते. भेंडीच्या बहुशर्करेवर पेक्टिनप्रमाणे अम्लाचे गट असतात. त्यांच्यावरील विद्युतभार एकमेकांना ढकलतो म्हणून साखळ्या ताठ आणि पसरलेल्या राहतात. आंबट घातले की हा भार नाहीसा होतो, साखळ्या आक्रसतात आणि बुळबुळीतपणा कमी होतो. बेंडेकाईच्या भाजीत आमसूल किंवा चिंच घालण्यामागे हेच आहे. गुळव्याला मात्र ताठ आणि पसरलेली साखळीच हवी, म्हणून थंड पाणी आणि ताजे झाड. आदल्या दिवशी काढून ठेवलेले पाणी आंबते आणि उपयोगी पडत नाही, असे आमच्या मामांकडचे गुळवे सांगतात.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी भेंडी ठेचण्याची यातायात नको म्हणून रसात हायड्रॉस घालतात. त्याने गूळ पिवळाधमक दिसतो, बाजारात भाव चांगला मिळतो. पण त्यातून गंधकाचा अंश गुळात राहतो, आणि तो पिवळेपणाही साठवणीत टिकत नाही. गिऱ्हाइकाने पिवळा गूळ मागणे सोडले तर भेंडी परत येईल, असे मला वाटते. केवळ गुळव्याला दोष देण्यात अर्थ नाही.

असो. पुन्हा आमच्या हंड्याकडे येतो. आजोबांची रीत अशी : चिंचोके वाळूत बेताने भाजायचे, साल पाखडून टाकायची, डाळ रात्रभर भिजवून पहिले तांबूस पाणी फेकून द्यायचे, मग बारीक वाटून भरपूर पाण्यात शिजवायचे, सतत ढवळायचे, आणि जाळ मोठा होऊ द्यायचा नाही. साल पाखडल्याने आणि तांबूस पाणी फेकल्याने टॅनिन जाते. बारीक वाटल्याने पाणी प्रत्येक कणापर्यंत पोहोचते. ढवळल्याने तळाला करपत नाही. ह्यात मला एकच सुधारणा सुचविता आली. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते ती तिच्यातील प्रथिनांमुळे, आणि आंबलेली खळ पातळ होते. तेव्हा उरलेली खळ राखून ठेवण्यापेक्षा रोज थोडी थोडी करावी. हे आजोबांनी मान्य केले, पण त्याचे कारण त्यांनी वेगळे सांगितले. वास येतो म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांनी पहिल्यांदा मला पुन्हा हंड्याजवळ बसू दिले. मी घड्याळ लावून बसलो होतो. अर्धा तास झाला, मी म्हणालो, "आजोबा, झाली बघा." त्यांनी थेंबभर खळ अंगठा आणि तर्जनीत धरली, बोटे हळूहळू फाकविली. तार वीतभरही न निघता तुटली.

"अजून दोन उकळ्या," ते म्हणाले, आणि लाकूड थोडे मागे ओढले.